तुम्ही विचारलंत म्हणून: लवकर सापडलेला कॅन्सर आणि विम्याची रक्कम

गोव्यात फोंड्याला मी विम्याचे काम करतो आणि कॅन्सर लवकर सापडला तर क्रिटिकल इलनेस पॉलिसीचे, म्हणजे गंभीर आजाराचे निदान होताच ठरलेली रक्कम एकदम देणाऱ्या विम्याचे, पैसे मिळत नाहीत हे खरे का, असे मला वारंवार विचारले जाते. ते अर्धेच खरे आहे. कॅन्सरच्या पेशी मूळ जागा सोडून आजूबाजूच्या निरोगी ऊतींत शिरल्या आहेत का, हे पॉलिसी पाहते. त्यामुळे स्तनातली गाठ सेंटिमीटरभरच असली, तरी पेशी अशा शिरलेल्या असतील, तर पहिल्या टप्प्यातही सहसा पूर्ण रक्कम मिळते. दुग्धनलिकेच्या आतच थांबलेला, डॉक्टर ज्याला डीसीआयएस किंवा शून्य टप्पा म्हणतात, तो कॅन्सर मात्र पॉलिसीच्या व्याख्येत बसत नाही.

ही व्याख्या विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेली असल्यामुळे केवळ कंपनी बदलून सुटका होत नाही. थायरॉइडचा टी1एन0एम0 पर्यंतचा (लहान आणि इतरत्र न पसरलेला) कॅन्सर आणि गर्भाशयमुखातील सीआयएन-3 (कॅन्सरपूर्व बदलांचा तीव्र टप्पा) हेही तिच्यात वगळलेले आहेत. थायरॉइडचे मला पटते, कारण तो बहुधा शस्त्रक्रियेने आटोक्यात येतो. परंतु डीसीआयएससाठी कधी कधी पूर्ण स्तन काढावा लागतो, आणि ज्या मॅमोग्राफीचा आपण सगळ्यांना आग्रह करतो तिच्यात सापडतो तो बऱ्याचदा हाच.

अशा वेळी उपयोगी पडतो तो साधा मेडिक्लेम, कारण तो टप्प्याकडे न पाहता, आपल्या अटींच्या मर्यादेत, रुग्णालयाचे बिल देतो. केवळ कॅन्सरसाठी असलेल्या काही योजना शून्य टप्प्यालाही विमा रकमेचा काही भाग, बहुधा 25 टक्के, देतात. त्यांचा प्रतीक्षाकाळ, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ज्या काळात दावा करता येत नाही तो, मात्र नीट वाचावा.

दावा करणाऱ्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. सुईने केलेल्या बायोप्सीत गाठीचा जेमतेम तुकडा येतो, आणि त्यात डीसीआयएस दिसला तरी शस्त्रक्रियेत काढलेल्या संपूर्ण गाठीच्या तपासणीत पेशी बाहेर शिरलेल्या आढळू शकतात. म्हणून पहिल्या अहवालावर दावा नाकारला गेला असेल, तर शस्त्रक्रियेनंतरचा हिस्टोपॅथॉलॉजी (काढलेल्या गाठीच्या तपासणीचा) अहवाल जोडून कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी फेरविचार मागावा. तिथे दाद लागली नाही, तर गोव्यातील तक्रारी पुण्याच्या विमा लोकपालांकडे विनाशुल्क नेता येतात.