आण्णांची बीपीची गोळी आणि उंदराची महाधमनी

काल रात्री जेवताना आण्णांनी एनालाप्रिलची पट्टी हातात घेऊन विचारलं, "ही गोळी रक्तातच काम करते ना गं?" मी एम फार्म केलेली, पटकन हो म्हणणार होते पण थांबले, कारण खरं उत्तर मलाच कॉलेजात लय उशिरा कळलं होतं.

एसीई नावाचं एन्झाइम असतंय, आण्णांची गोळी त्यालाच अडवते. ते अँजिओटेन्सिन वन नावाच्या रेणूचं टू करतं आणि हे टू रक्तवाहिन्या आवळतं. १९५६ ला स्केग्ज आणि त्यांच्या सोबत्यांना ते घोड्याच्या प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पातळ भागात सापडलं, मग बरीच वर्षं लोक रक्तातच बघत राहिले. इकडं १९६३ ला क्योटोत ओकामोतो आणि आओकी यांनी निवडून निवडून उंदरांची अशी जात तयार केली की मीठ नको, ऑपरेशन नको, वय वाढलं की बीपी आपोआप चढतंच. हेच एसएचआर, म्हणजे स्पॉन्टेनियसली हायपरटेन्सिव्ह रॅट. गंमत म्हणजे मोठ्या एसएचआरच्या रक्तात रेनिन, म्हणजे अँजिओटेन्सिन वन बनवणारं एन्झाइम, काही वाढलेलं नसतं, तरी कॅप्टोप्रिल, म्हणजे एसीई अडवणारंच औषध, दिलं की बीपी उतरतं! मला तर हे वाचून रात्रभर झोप नव्हती.

मग लोकांनी महाधमनी, किडनी, हृदय यांचे तुकडे वाटून त्यात एसीई तोडू शकेल असं हिप्युरिल-हिस्टिडिल-ल्युसिन टाकलं आणि किती हिप्युरिक ॲसिड सुटतंय ते २२८ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलं, म्हणजे तिथलं एसीई किती काम करतंय ते कळतं. एका किडनीच्या धमनीला क्लिप लावलेल्या उंदरात तर आधी रेनिन भरपूर वाढतं, काही आठवड्यांनी खाली येतं, बीपी मात्र तसंच, आणि तेव्हा रक्तवाहिनीच्या भिंतीतलं एसीई वाढलेलं सापडलं. सगळ्या टिश्यूत चित्र सारखं येत नाही, वयानुसार आकडे बदलतात, म्हणून एकाच अवयवावरून निकाल काढणं मला पटत नाही. पण शरीरातलं नव्वद टक्क्यांहून जास्त एसीई रक्तात नसून टिश्यूत असतं हे पक्कं.

आण्णांनी तीस वर्षं अशोक चौकाकडं चादरीचे माग चालवले. भाकरी मोडता मोडता म्हणाले, "म्हंजे गोदामातलं सूत मोजत बसले, मागावर काय चाललंय ते कुणी बघितलंच नाही." इतकं नीट मला व्हायव्हात पण सांगता आलं नव्हतं.

मग त्यांना कोरडा खोकला आला, महिनाभर येतोय म्हणे, आणि मी चटणीची वाटी खाली ठेवली. हेच एसीई ब्रॅडिकायनिन नावाचा शरीरातला दुसरा रेणू पण तोडतं, गोळीनं ते अडलं की ब्रॅडिकायनिन साठतं आणि काहींना असा खोकला लागतो. गोळी मनानं बंद करू नका म्हटलं, सोमवारी डॉक्टरांकडं जातोय दोघं.