कट्ट्यावर कुठे तोंड करून बसायचं

परवा दुपारी दादरला एक काम होतं, ते लवकर आटपलं म्हणून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर जाऊन टेकलो. दुपारी तीन वाजता तिथे असं धपकन बसता येत नाही, आधी तळहात लावून बघायचा, चटका बसला की झाडाच्या सावलीचा तुकडा शोधत पुढे सरकायचं, आणि पेपर असेल तर तो खाली घ्यायचा. बसलो. शेजारी कॉलेजची चार पोरं, चौघंही रस्त्याकडे तोंड करून आणि मैदानाकडे पाठ. आणि मला उगाचच राग आला.

आता यात रागवण्यासारखं काय आहे, काहीच नाही. पण पाय आत सोडायचे हा आमच्या आजोबांचा नियम होता आणि तो माझ्या डोक्यात फिट्ट बसलाय. "अरे, एवढं मोठं मैदान मुन्शिपाल्टीने फुकट दिलंय आणि तू गाड्या काय बघतोस?" मला खरं तर गाड्याच बघायच्या असायच्या. पण आजोबांच्या शेजारी बसून गाड्या बघायची सोय नव्हती.

आजोबा लहानपणी या मैदानाला माहीम पार्क म्हणायचे, कारण तेव्हा ते माहीम पार्कच होतं. १८९६ च्या प्लेगमध्ये मुंबईची दाट वस्ती किती जीवघेणी आहे ते दिसलं, १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, शहर उत्तरेकडे पसरायला लागलं. त्या सगळ्या पसाऱ्यात १९२५ मध्ये हे मैदान लोकांना मिळालं. मग १९२७ मध्ये, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांनी आग्रह धरला आणि नाव बदललं. महाराजांच्या नावावर आज एवढं राजकारण चालतं आणि हे नाव आणणाऱ्या बाईंचं नाव पार्कात रोज चकरा मारणाऱ्या किती जणांना माहीत असेल! तीन-चार जणांना मी मुद्दाम विचारलंय, एकाने तर "कोण, त्या गाणाऱ्या का?" असं मलाच विचारलं.

मैदानातला महाराजांचा पुतळाही जरा वेगळाच, घोड्यावर आहेत पण हातात उपसलेली तलवार नाही, नुसता हात पुढे केलाय. आजोबांचं म्हणणं, महाराज बॅट्समनला सांगतायत, तिकडे मार. हे ते इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगायचे की मी बरीच वर्षं खरं मानून चाललो होतो.

क्रिकेट बघायला तर पाय आतच पाहिजेत. एकाच वेळी इतक्या मॅचेस चालू की एकाचा लाँग ऑन हा दुसऱ्याच्या अंपायरच्या शेजारी उभा, आणि कुठला बॉल कुठल्या मॅचचा ते फक्त खेळणाऱ्यांना कळतं, कधीकधी त्यांनाही नाही. एकदा आमच्या पायाखाली कट्ट्याला लागून एक बॉल आला, पांढऱ्या कपड्यातला एक मुलगा धावत आला, उचलून त्याने जोरात फेकला तो भलत्याच बॉलरकडे. त्या बॉलरने तो फिरवून बघितला, शिवण चाचपली, बहुतेक त्याच्या बॉलपेक्षा हा नवा होता, त्यामुळे गुपचूप पँटला घासला आणि रन-अप सुरू केला. मागून त्या दुसऱ्या टीमचा कॅप्टन बोंबलत येतोय, हा तरी पळतोच आहे, आणि टाकलाच त्याने तो बॉल. आजोबा इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसायला लागले. ज्या मैदानावर आचरेकर सर स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवून सचिनला आउट न होता खेळायला लावायचे, त्याच मैदानावर हेही चालायचं.

सभांची गोष्ट निराळी. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा इथे झाल्या, अत्रे बोलायला उभे राहिले की कट्टाच काय झाडंही मोकळी नसायची असं आजोबा सांगायचे. ३० ऑक्टोबर १९६६ ला शिवसेनेचा पहिला मेळावा इथेच झाला. पुढे २०१० मध्ये हायकोर्टाने पार्क शांतता क्षेत्र ठरवलं. आसपासच्या रहिवाशांना ते पाहिजेच होतं आणि त्यांचंही चुकलं नाही, भोंग्यासमोर राहून बघा म्हणजे कळेल. धुळीवरून तर वर्षानुवर्षं भांडण आहे, लाल माती, पाणी मारा, गवत लावा, परत माती. त्यावर मी काही बोलत नाही, माझी खिडकी आता तिकडे उघडत नाही.

पण खिडकीवरून आठवलं, ६ डिसेंबर. चैत्यभूमी पार्कापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे महापरिनिर्वाण दिनाला मराठवाडा-विदर्भातून, कुठून कुठून लाखो माणसं येतात आणि मैदानात उतरतात. मांडव पडतात, पुस्तकांचे स्टॉल लागतात. अंगावर साधी साडी, काखेत पिशवी आणि पिशवीत पुस्तकं, अशा बायका मी तिथे बघितल्यात. आजोबा मला घेऊन त्या स्टॉलांवर जायचे, एखादं पातळसं पुस्तक विकत घ्यायचे, आणि येताना कट्ट्यावर बसायला जागा नसायची म्हणून उभ्याउभ्याच चहा प्यायचे. घरी आलो की आजी विचारायची, "आजच कशाला जायचं होतं तिकडे?"

आमच्या बिल्डिंगच्या गेटला त्या दिवशी कुलूप असायचं. आतल्या माणसांनी वॉचमनला हाक मारून उघडायला लावायचं, शेजारचे काका तर आदल्या दिवशीच पुण्याला लेकीकडे निघून जायचे. कुणी विचारलं तर सगळे म्हणायचे, गर्दी असते ना. गर्दी दसऱ्याच्या मेळाव्यालाही व्हायची, विसर्जनाला तर रस्ता ओलांडता यायचा नाही. तेव्हा गेट सताड उघडं असायचं.