टॅगचा फॉर्म गेला!

आज दुपारी यूसी डेव्हिसचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस कॅम्पसचा, टॅगचा फॉर्म पाठवला एकदाचा. मुदत ३० सप्टेंबरची, पण शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचा धीर नव्हता.

कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांची सरकारी कॉलेजं, आहेत. तिथून यूसीत जायची वाट कागदावर सरळ दिसते. टॅग (ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटी) म्हणजे अटी पूर्ण केल्या की प्रवेशाची हमी. यूसीचे सहा कॅम्पस ती देतात, अर्ज मात्र एकाच ठिकाणी करता येतो. सगळं वेबसाइटवर आहे, तरी वर्षभर मला त्याचा पत्ता नव्हता! सांगितलं ते डी आन्झाला, म्हणजे माझ्या कम्युनिटी कॉलेजात, कॅल्क्युलसच्या वर्गात शेजारी बसणाऱ्या व्हिएतनामी मुलीनं. माझ्याहून वीस वर्षांनी लहान पोर, हाताला धरून कौन्सेलर बाईंकडे घेऊन गेली. बाईंनी माझे विषय असिस्ट या वेबसाइटवरच्या, कुठले विषय यूसीत धरतात त्या यादीशी एकेक करून ताडले आणि एकाभोवती पेन्सिलीनं गोल काढला. "हा डेव्हिसला धरणार नाहीत, बदलून घ्या." नाहीतर अख्खा क्वार्टर (तिमाही सत्र) वाया गेला असता.

आज 'सबमिट' दाबताना ती शेजारीच होती. तिचा अर्ज यूसीच्या अर्व्हाइन कॅम्पसला. नंतर बाकावर बसून डब्यातलं थालीपीठ दोघींनी अर्धं अर्धं खाल्लं.

आईला सांगायचंय. पुण्यात उजाडायची वाट बघतेय.