नीत्शे या आडनावाचा माग

जर्मन तत्त्वज्ञ फ्रीडरिश नीत्शेने 10 एप्रिल 1888 रोजी गेऑर्ग ब्रांडेस या डॅनिश समीक्षकाला एक पत्र लिहिले आणि त्यात स्वतःची ओळख करून दिली. आपले पूर्वज पोलिश उमराव होते, त्यांचे आडनाव ‘निएत्स्की’ असे होते, तीन पिढ्या घरातल्या आया जर्मन असूनही तो वाण आपल्या चेहऱ्यामोहऱ्यात टिकून आहे, परदेशात लोक आपल्याला पोलिशच समजतात आणि यंदाच्या हिवाळ्यात नीस शहरातील पाहुण्यांच्या यादीतही आपली नोंद पोलिश म्हणूनच झाली, असे त्याने मोठ्या समाधानाने सांगितले आहे. या दाव्यामागे घरात चालत आलेली एक आख्यायिका होती आणि हाताशी आडनाव होते. आख्यायिका तपासणे अवघड असते. आडनाव मात्र तपासता येते, कारण त्याला जोडनावे असतात, भाऊबंद असतात आणि नकाशावर ठरलेली जागा असते. नीत्शे या आडनावाची अशी तपासणी केली की ते आपल्या सर्वांत प्रसिद्ध धन्याच्या विरुद्ध साक्ष देते, आणि तरीही त्याला पुरते खोटे पाडत नाही.

प्रथम मूळ पाहू. नीत्शे हे निकोलाउस या नावाचे लाडके, आखूड रूप आहे. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा येथे होऊन गेलेला बिशप संत निकोलस हा व्यापारी, खलाशी आणि प्रवासी यांचा पाठीराखा. 1087 साली त्याच्या अस्थी इटलीतील बारी येथे आणल्या गेल्या आणि त्यानंतर त्याची भक्ती युरोपभर पसरली. बाजारपेठ वसली की तेथे निकोलसचे चर्च उभे राहायचे, असा जणू प्रघातच होता. लाइपझिग शहरातील निकोलाई चर्च, जेथून 1989 साली पूर्व जर्मनीतील सोमवारचे मोर्चे निघाले, ते याच लाटेत बाराव्या शतकात बांधले गेले. गावोगावी मुलांची नावे निकोलाउस ठेवली जाऊ लागली आणि रोजच्या बोलण्यात एवढे लांब नाव कोण घेणार? आपल्याकडे नारायणाचा नारू होतो, त्याप्रमाणे निकोलाउसचा कोठे क्लाउस झाला, कोठे क्लास, कोठे निकेल. पुढे बापाचे हे बोलीतले नाव मुलानातवंडांना आडनाव म्हणून चिकटले. म्हणूनच आज उत्तरेकडे श्लेस्विग-होल्श्टाइनमध्ये क्लाउसन भेटतात, तर सायलेशियात क्लोझे. फुटबॉलपटू मिरोस्लाव्ह क्लोझे हा 1978 साली पोलंडमधील ओपोले येथे, म्हणजे जुन्या सायलेशियातच जन्मला. त्याचे आडनावही निकोलाउसच्याच पोटचे आहे. (निकेल या धातूचे नावही याच कुळातले. तांब्याचे खनिज वाटावे पण त्यातून तांबे निघू नये, अशा दगडाला पूर्व जर्मनीतील सॅक्सनी प्रांताचे खाणकामगार ‘कुप्फरनिकेल’ म्हणजे तांब्यातला खोडकर निकेल म्हणत. त्या दगडापासून 1751 साली नवा धातू वेगळा काढला गेला, तेव्हा त्याला तेच नाव राहिले.)

नीत्शे मात्र या भावंडांपेक्षा वेगळे दिसते, आणि त्याचा वेगळेपणा शेपटात आहे. निकोलाउसमधील ‘नि’ घेऊन त्याला जो ‘-चे’ किंवा ‘-त्शे’ असा ध्वनी जोडला आहे, तो मूळ जर्मन वळणाचा नाही. नावांची लाडकी रूपे करण्याची ती स्लाव भाषांची तऱ्हा आहे. एल्ब आणि झाले या नद्यांच्या पूर्वेकडे सहाव्या शतकापासून स्लाव लोकांची वस्ती होती. 929 साली राजा पहिला हाइनरिश याने एल्बकाठी माइसनचा किल्ला उभारला, बाराव्या शतकापासून पश्चिमेकडचे जर्मन शेतकरी, कारागीर आणि व्यापारी मोठ्या संख्येने येऊन वसले, आणि पुढची कित्येक शतके या पट्ट्यात दोन्ही भाषा शेजारीशेजारी नांदल्या. केम्निट्स हे नाव दगडाळ ओढ्यावरून पडलेले, द्रेस्डेन हे पाणथळ रानात राहणाऱ्यांवरून पडलेले. दोन्ही शब्द स्लावच. हळूहळू बहुतेकांनी जर्मन स्वीकारली. बाउत्सेन आणि कोटबुस यांच्या आसपास लाउझित्स प्रांतात सोर्ब म्हणून ओळखले जाणारे सुमारे 60,000 लोक आजही आपले स्लावपण सांगतात, आणि बाउत्सेनमधल्या पाट्या दोन भाषांत असतात.

आडनावे स्थिर होण्याचा काळ आणि या दोन भाषांच्या सरमिसळीचा काळ एकच आहे, ही गोष्ट नीत्शे या आडनावाच्या दृष्टीने फार महत्त्वाची. द्रेस्डेनमधील एखाद्या जुन्या इमारतीच्या दारापाशी उभे राहून घंटीच्या बटणांसमोरची नावे वाचली, तर हा सगळा इतिहास हाताच्या अंतरावर दिसतो: फ्रित्शे, क्रेचमार, नित्शे, डीच. यांतील क्रेचमार म्हणजे स्लाव भाषेतला खानावळवाला किंवा गुत्तेवाला. फ्रित्शे मात्र फ्रीडरिश या अस्सल जर्मन नावाला तोच स्लाव प्रत्यय लागून झालेले आहे. याचा अर्थ असा की प्रत्यय एकदा परिसराच्या बोलीत रुळला की तो कोणीही कोणालाही लावत असे. जर्मन शेतकऱ्याचा मुलगाही शेजाऱ्यांच्या तोंडी ‘-शे’ होत असे. त्यामुळे आडनावातील स्लाव शेपूट हा स्थळाचा पुरावा आहे, रक्ताचा नव्हे. आडनावांवरून जात आणि वंश काढण्याची हौस आपल्याकडेही कमी नाही, म्हणून हे जरा ठासून लिहीत आहे.

आता लेखनाकडे येतो. हे आडनाव लिहिताना जर्मनमध्ये मधल्या एका ध्वनीसाठी टी, झेड, एस, सी आणि एच अशी पाच अक्षरे ओळीने येतात. मराठीला हा प्रश्नच पडत नाही: चांदीतला च आणि चंद्रातला च हे दोन्ही आपण एकाच अक्षराने लिहितो आणि वाचणारा अचूक वाचतो. जर्मन लेखनिकाला मात्र चांदीतल्या चसाठी ‘टीझेड’ आणि चंद्रातल्या चसाठी ‘टीएससीएच’ अशी वेगवेगळी सोय होती, आणि सॅक्सनीच्या दफ्तरांत सावधगिरी म्हणून बहुधा दोन्ही एकत्र ठोकून दिली जात. डेलिच हे गावाचे नाव, क्रेचमार आणि फ्रित्शे ही आडनावे यांच्यातही हाच अक्षरांचा गठ्ठा आढळतो. तो दिसला की हे सॅक्सनीकडचे प्रकरण आहे, असे बिनदिक्कत म्हणावे. (नीत्शेचा जर्मन उच्चार देवनागरीत जसाच्या तसा उतरवायचा तर तो ‘नीचं’च्या इतका जवळ जातो की मराठी अनुवादकांनी ‘त्श’चा आडोसा घेतला ते बरेच झाले.)

याच लेखनामुळे हे आडनाव दुर्मीळही ठरले. निकोलाउसपासून निघालेली नित्शे, निच, निच्के ही रूपे पूर्वेकडील जर्मनांत मुबलक आहेत. पण ‘नि’ दीर्घ करणारे अक्षर आणि पाच व्यंजनांचा गठ्ठा अशी दोन्ही वैशिष्ट्ये असलेली, तत्त्वज्ञाच्या घरातली वर्तनी त्यांच्या तुलनेत अगदी थोड्यांची आहे. चर्चच्या नोंदवहीत पाद्री कानावर पडेल तसे लिहीत असे; बापाचे नाव एका वर्तनीत आणि मुलाचे दुसऱ्या, हे त्या वह्यांत पावलोपावली दिसते. प्रशियात 1 ऑक्टोबर 1874 पासून आणि संपूर्ण जर्मन साम्राज्यात 1 जानेवारी 1876 पासून जन्ममृत्यूंची नोंद सरकारी कचेरीत होऊ लागली, आणि त्या वेळी जी वर्तनी कागदावर होती तीच पुढे कायम झाली. एकाच मूळ पुरुषाचे वंशज अशा रीतीने वेगवेगळ्या आडनावांचे होऊन बसले.

आता पोलिश उमरावांचे काय? नीत्शेचा जन्म 15 ऑक्टोबर 1844 रोजी ल्युट्सेनजवळच्या रोकेन या खेड्यात झाला. वडील लुथरपंथी पाद्री, आजोबा आयलेनबुर्ग येथे चर्चचे अधीक्षक, आणि पणजोबा बिब्रा या छोट्या गावी अबकारी खात्यात. ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून फार दूर नाहीत आणि तिन्ही सॅक्सनीच्या जुन्या मुलखातलीच आहेत. नीत्शेच्या एका टिपणात असे आहे की निएत्स्की हे प्रोटेस्टंट असल्याने धर्मच्छळाला कंटाळून सुमारे 100 वर्षांपूर्वी घरदार आणि उमरावकी सोडून आले. परंतु पणजोबा 1714 साली जन्मले होते, त्यामुळे हा हिशेब पहिल्याच पायरीवर अडतो. पुढे विसाव्या शतकात त्याच्या आईकडच्या नातलगांपैकी मॅक्स ओएलर यांनी वंशावळ खणून काढली, तेव्हा पूर्वजांत सगळी साधी जर्मन नावे निघाली. पोलिश सरदार एकही सापडला नाही.

तरीही अशी आख्यायिका जन्माला यावी याला सॅक्सनीत चांगली जमीन होती. सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राज्यकर्ता, ऑगस्टस हा 1697 साली पोलंडचा राजा झाला आणि मधला थोडा खंड सोडला तर 1763 पर्यंत दोन्ही देशांच्या गाद्या एकाच घराण्याकडे होत्या. द्रेस्डेनच्या दरबारात पोलिश सरदारांची ये-जा असे. पोलंडमध्ये नित्स्की असे आडनाव प्रत्यक्षात आहे. आपल्या आडनावाला पूर्वेकडचा वास आहे, हे नीत्शेच्या कानाने बरोबर टिपले होते; फक्त त्याने त्या वासाचा माग एखाद्या गढीपर्यंत नेला, आणि तो जातो लाउझित्सच्या वाटेवरच्या एखाद्या निकोलाउस नावाच्या कुणब्याच्या दारात. जर्मनांवर मनस्वी चिडलेल्या माणसाला कुणबी पूर्वज पुरला नसता, हेही खरे.

भौगोलिक प्रसार पाहण्यासाठी दोन साधने फार उपयोगी पडतात. पहिल्या महायुद्धातील जर्मन सैन्याच्या हानियाद्यांमध्ये सैनिकाच्या नावापुढे त्याचे गाव दिलेले असे, त्यामुळे 1914च्या सुमाराचे चित्र मिळते. दुसरे साधन म्हणजे फ्रायबुर्ग आणि माइन्झ येथील संशोधकांनी 2005 सालच्या टेलिफोन जोडण्यांवरून काढलेले आडनावांचे नकाशे. जुन्या चित्रात या कुळाची गर्दी सॅक्सनी, लाउझित्स आणि सायलेशिया या एकाच सलग पट्ट्यात आहे, आणि त्यातही पोटभेद दिसतात: पाच व्यंजनांची रूपे सॅक्सनीकडे, साधे नित्शे सायलेशियाकडे, तर ‘-के’ने संपणारे निच्के आणखी उत्तर-पूर्वेकडे झुकलेले. नव्या चित्रात हा पट्टा अर्धा पुसला गेलेला आहे. 1945 नंतर सायलेशिया पोलंडकडे गेला, तेथील जर्मनांना घालवून देण्यात आले, आणि ब्रेस्लाउच्या परिसरातले नित्शे ऱ्हाइनकाठी आणि बव्हेरियात जाऊन राहिले. त्यानंतर 1961 साली बर्लिनची भिंत उभी राहीपर्यंत पूर्व जर्मनीतून लाखो लोक पश्चिमेकडे निघून गेले. सॅक्सनीतले गठ्ठेवाले मात्र बऱ्याच अंशी जागेवर राहिले, म्हणून त्यांचा डाग नकाशावर अजून गडद आहे.

समुद्रापलीकडचा प्रसार मुख्यतः धर्माच्या कारणाने झाला. आजच्या चेक प्रजासत्ताकातील मोरावियातल्या धर्मच्छळातून सुटलेल्या प्रोटेस्टंटांनी 1722 साली लाउझित्समध्ये हेर्नहूट ही वसाहत वसवली. त्यांच्यात निचमन नावाचे घराणे होते. निकोलाउसच्या त्याच आखूड रूपाला ‘मन’ जोडलेले हे आडनाव. डेव्हिड निचमन 1732 साली वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस बेटावर गेला आणि 1741 साली पेनसिल्व्हेनियात बेथलेहेम गाव वसवणाऱ्यांत होता. याच हेर्नहूटमधून हाइनरिश ऑगस्ट येश्के भारतात आला, हिमालयातील लाहौलमध्ये केलाँग येथे राहिला आणि त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश 1881 साली प्रसिद्ध झाला. त्याचे आडनाव योहानेसपासून अगदी याच पद्धतीने, स्लाव शेपूट लावून बनलेले आहे.

पुढे 1838 साली प्रशियाच्या राजाने लादलेली नवी उपासनापद्धत नाकारणारे जुने लुथरपंथी दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरले, आणि 1854 साली ‘बेन नेव्हिस’ जहाजातून पाचशेहून अधिक सोर्ब टेक्सासकडे निघाले; तेथील त्यांच्या गावाचे नावच सर्बिन आहे. उलट, नीत्शेची बहीण एलिझाबेथ आपल्या नवऱ्यासह पॅराग्वेत ‘नुएवा जर्मानिया’ वसवायला गेली ती फ्योर्स्टर या सासरच्या आडनावाने, आणि काही वर्षांत परतलीही. धाकटा भाऊ दोन वर्षांचा असतानाच गेला होता आणि तत्त्वज्ञाला स्वतःला अपत्य नव्हते. म्हणजे रोकेनच्या त्या घरातून हे आडनाव पुढे कोठेच गेले नाही.

दूर गेले ते ‘-के’वाले. दक्षिण ऑस्ट्रेलियात बरोसा खोऱ्याच्या बाजूला निच्के हे आडनाव इतके मुरले आहे की ते आता तेथलेच मानले जाते. इच्छामरणाच्या चळवळीमुळे जगभर चर्चेत असलेले डॉ. फिलिप निच्के 1947 साली त्याच राज्यात जन्मले. अमेरिकेत 1936 साली इलिनॉयमध्ये जन्मलेला रे निच्के ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा गाजलेला खेळाडू झाला. दोन्ही देशांत इंग्रजी जिभेने शेवटचे अक्षर बदलून ‘निच्की’ केले, वर्तनीला मात्र हात लावला नाही.