तुम्ही विचारलंत म्हणून: पाळणाघरातल्या बुटक्या फळ्या

पोरांना सोडायला आलेली आई दारातच थांबते आणि विचारते, ताई ही खेळण्यांची कपाटं कुठून घेतली, इतकी बुटकी का, आणि आठ पोरं असून पसारा कसा नाही? पसारा असतो हो, सकाळी अकराला येऊन बघा. पण तो पोरंच आवरतात आणि ते या फळ्यांमुळे जमतं असं मला मनापासून वाटतं, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

आमचं घर धुळ्याला देवपुरात, पाळणाघर पुढच्या खोलीत, पोरं दीड वर्षापासून पाच वर्षांपर्यंतची. सुरुवातीला मी दुकानातून तयार रॅक आणला होता, पाच फुटी, पांढरा, दिसायला एकदम छान. तो पार्टिकल बोर्डचा आहे म्हणजे काय हे तेव्हा मला कळलंच नाही. एप्रिल लागला की आपल्याकडे कूलरशिवाय भागत नाही, कूलर नेमका रॅकच्या शेजारी, दोन महिन्यांत खालची कड पावासारखी फुगली, वरचा कागद उचकटला, स्क्रू धरेनात. लाकडाचा भुसा डिंकाने दाबून केलेला बोर्ड तो, एकदा पाणी प्यायला की पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तेही चालवून घेतलं असतं, पण एक दिवस अडीच वर्षांचा एक पोरगा वरचा ट्रक काढायला दुसऱ्या फळीवर चढला आणि अख्खा रॅक त्याच्यासकट पुढे आला. मी हाताच्या अंतरावर होते म्हणून धरता आला. त्याला खरचटलंही नाही पण मला त्या रात्री झोप लागली नाही, सकाळी उठून पहिलं काम म्हणजे तो रॅक अंगणात काढला.

मग गल्लीतल्या मिस्तरीदादांना बोलावलं. म्हटलं, पोरं चढणारच नाहीत असं काहीतरी करून द्या. ते म्हणाले, "ताई, पोरं ते चढतीनच, फळी पडाले नको." सगळी मापं या एका वाक्यावरून ठरली.

दोन वर्षांचं मूल साधारण 85 सेंटीमीटर असतं, म्हणजे पावणेतीन फूट. म्हणून अख्ख्या कपाटाची उंची सव्वादोन फूट ठेवली, वरची वस्तूसुद्धा त्याला उभ्या उभ्या दिसते आणि हाताला येते, चढायचं कारणच राहत नाही. खोली एक फूट, लांबी तीन फूट आणि मध्ये एक उभी पट्टी, कारण तीन फूट फळी मध्ये आधार न देता ठेवली तर पुस्तकांच्या वजनाने हळूहळू वाकते. प्लाय 19 एमएमचा घेतला. दुकानात शीटवरचा शिक्का बघून घ्या, त्यावर भारतीय मानकाचा (आयएस) नंबर असतो, आयएस 303 म्हणजे साधा घरगुती वापराचा, त्यातही बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा) लिहिलेला असेल तर ओल बरी सोसतो, आणि आयएस 710 म्हणजे मरीन, पाण्याला सगळ्यात पक्का, कूलरजवळ किंवा मोरीच्या भिंतीला लावायचं असेल तर तोच घ्या. एका आठ बाय चारच्या शीटमध्ये एक युनिट होऊन वर पुस्तकांच्या पट्टीपुरतं लाकूड उरलं. सगळे कोपरे गोल घासून घेतले. आणि एवढं बुटकं असलं तरी पाठीमागून काटकोनात वाकवलेल्या दोन लोखंडी एल पट्ट्या लावून भिंतीत गिट्टी (स्क्रू पकडणारी खुंटी) मारून आवळलंच, ते कृपा करून कुणी टाळू नका, बुटकं आहे काय पडणार असं म्हणू नका.

पुस्तकांचं वेगळं सांगते कारण तिथे सगळे चुकतात. आपली मराठी चित्रपुस्तकं, नॅशनल बुक ट्रस्टची म्हणा, प्रथम बुक्सची म्हणा, बहुतेक पातळ, मधोमध पिना मारलेली, त्यांना कणाच नसतो. कपाटात उभी लावली की ती मान टाकतात आणि बाहेरून नुसत्या कागदाच्या कडा दिसतात. ज्याला वाचता येत नाही त्याने पुस्तक ओळखायचं कशावरून? मुखपृष्ठावरून. म्हणून दोन इंच खोल अरुंद पट्टी, पुढे आडवी काठी, आणि पुस्तकं तोंड पुढे करून. एका वेळी सातच. हे केलं त्या आठवड्यात पोरं आपणहून पुस्तक घेऊन मांडीत येऊन बसायला लागली, मी काहीच वेगळं केलं नव्हतं.

बालशिक्षणाची पद्धत घालून देणाऱ्या इटलीच्या मारिया मॉन्टेसरी, त्या मॉन्टेसरीबाईंची एक गोष्ट मला फार आवडते. रोममध्ये 1907 साली त्यांनी बालगृह सुरू केलं तेव्हा साहित्य कुलपात असायचं आणि शिक्षिका ते वाटायची. एकदा तिच्याकडून कुलूप लावायचं राहिलं, ती उशिरा आली तर पोरांनी आपापल्या आवडीची वस्तू घेऊन काम सुरूसुद्धा केलेलं. बाईंनी त्याला चोरी म्हटलं नाही, पुढे बुटकी उघडी कपाटंच केली. झाकणाची मोठी पेटी मी म्हणूनच काढून टाकली, त्यात बोट चेंगरायची भीती वेगळीच आणि तळातलं खेळणं शोधायला पोर सगळं ओततं. आता एका खणात एकच वस्तू, कडेला तिचा फोटो चिकटवलेला, एकूण दहाबारा, बाकीचं माळ्यावर. दर दुसऱ्या शनिवारी बदलते. पोळ्याच्या आधी मातीचे बैल खाली उतरतात, तो आठवडा दुसऱ्या कशाला कुणी हात लावत नाही.

ठोकळे मी जुन्या परातीत ठेवते. बुरुडाच्या दुरड्या सुंदर दिसतात पण बांबूची कूस बोटात जाते, काठाला जुन्या साडीची पट्टी शिवून घ्या मगच वापरा. प्लास्टिकचे चाकवाले कप्पे नकोच, पोरं त्यावर बसून ढकलतात.

माप घ्यायला कुणी येणार असाल तर जरूर या, फक्त दुपारी एक ते तीन नको, तेव्हा पोरं झोपलेली असतात.