अंकामागचा माणूस

रविवार, रात्री

बेळगावात मराठी वाचणाऱ्याला दिवाळी अंकांची ददात नाही, लायब्ररीत येतात, गल्लीत हातोहात फिरतात, पण जमेल तसं निघणारी जी छोटी वाङ्मयीन मासिकं, अनियतकालिकं असतात ना ती स्टॉलवर दिसतच नाहीत, ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे येतात. माझ्याकडे आली ती शहापूरच्या सरांकडून. सर आता मुलाकडे राहायला चाललेत, माळा रिकामा करत होते, म्हणाले, "घेऊन जा की गं सगळं, हितं कोण वाचूलंय आता." दोन पिशव्या भरून आणलंय आणि तेव्हापासून दुसरं काही वाचवतच नाही.

एक अंक आत्ता समोर आहे. दोनच पिना मारलेल्या, त्यांचा गंज मधल्या पानावरच्या कवितेत उतरलाय. शेवटच्या पानावर बारीक टायपात संपादकाचा पत्ता, ऑफिस वगैरे काही नाही, सरळ राहतं घर, अमुक चाळ, तमुक रोड, आणि त्याखाली वर्गणी, ‘बाहेरगावच्या चेकला वटणावळ जास्त धरावी’. सरांनी त्या ओळीशेजारी पेन्सिलीनं ‘म.ऑ. केली’, म्हणजे मनीऑर्डर, असं लिहून तारीख टाकलीय. म्हणजे इथून कुणीतरी पोस्टात रांगेत उभं राहून पैसे पाठवले आणि तिकडे कुणीतरी घरात बसून डिंक लावून रॅपर चिकटवले, त्यावर बेळगाव लिहिलं. मला हे फार मोठं वाटतं, खरंच.

मग मी संपादकांच्या मागे लागले, कोण होती ही माणसं. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी १९५४ मध्ये ‘शब्द’ काढलं तेव्हा सगळे विशीच्या आसपासचे, छापखान्यात न जाता सायक्लोस्टाइल यंत्रावर प्रती काढायचे. अशोक शहाणेंचं ‘असो’ साठच्या दशकातलं. आणि या सगळ्यांच्या समोर ‘सत्यकथा’, तेव्हाचं वजनदार वाङ्मयीन मासिक, तिथे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन, लेखकाला सविस्तर पत्रं लिहून कथेत कुठे काय अडतंय ते कळवणारे, पुन्हा लिहून घेणारे. १९६९ मध्ये राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी त्याच सत्यकथेचा अंक जाळला. हे शिकताना मला कायम प्रस्थापित विरुद्ध बंडखोर असं दोन रकान्यांत शिकवलेलं, पण आता अंक हातात घेऊन वाचताना वाटतं की जाळणारे स्वतःही संपादकच होते, ढाल्यांनी ‘येरू’ काढलं, ‘चक्रवर्ती’ काढलं, म्हणजे भांडण संपादन हवं की नको याचं नव्हतंच, दारात कोण उभं आहे आणि आत कुणाला घेतात याचं होतं. गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादहून ‘अस्मितादर्श’ चालवलं, किती दलित लेखक पहिल्यांदा तिथे छापून आले, आणि नुसता अंक काढून थांबले नाहीत तर लेखक-वाचक मेळावे भरवले. मला हे संपादन सगळ्यात जास्त आवडतं, जिथे संपादक लिहिणाऱ्याची वाट बघत बसत नाही, त्याला शोधायला जातो.

आणि गावं बघा ना. पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ पासून फक्त कवितेला वाहिलेलं ‘कविता-रती’ काढलं ते धुळ्याहून. नामदेव कोळींचा ‘वाघूर’ जळगावकडचा, नावच तिथल्या नदीचं. सीमाभागात आपल्याला सवय लागलीय पुण्या-मुंबईकडे बघत बसायची, तिकडून कोणी अध्यक्ष म्हणून येईल, काही बोलेल, आपण टाळ्या वाजवू. संमेलनं भरवायची ताकद आपल्याइतकी कुणाकडे नसेल, बेळगावभोवतीची कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, अख्खं गाव राबतं, ग्रंथदिंडी निघते, आलेल्याला जेवल्याशिवाय कोणी सोडत नाही. पण मांडव उतरला की पुढच्या वर्षापर्यंत सामसूम. त्याच गावांतली जी पोरं कविसंमेलनात वाचतात त्यांचं लिखाण मधल्या काळात कोण वाचतं, कोण सांगतं की ही ओळ काढ, ही राहू दे? व्हॉट्सअॅपवर अंगठे येतात. त्यांना संपादक हवाय.

स्टाफरूममध्ये हे बोलत होते तर शेजारच्या कन्नडच्या मॅडम म्हणाल्या, आमच्याकडे ‘संक्रमण’ होतं की. १९६४ ला धारवाडमध्ये सुरू झालेलं, चंद्रशेखर पाटील (त्या सगळे म्हणतात तसं ‘चंपा’च म्हणाल्या), गिरड्डी गोविंदराज आणि सिद्धलिंग पट्टणशेट्टी, तिघं मिळून. धारवाड इथून दोन तासांवर. म्हणजे त्याच दशकात तिकडे मुंबईत जे चाललेलं तसंच इकडे आपल्या शेजारी कन्नडमध्ये चाललेलं आणि आपल्या मराठी घरात त्याचं नावही कुणी घेतलं नाही. मराठी-कन्नड पाट्यांची भांडणं आपल्या वाट्याला आली ती आली, पण निदान एकमेकांचे अंक तरी वाचायला काय हरकत होती. मॅडम जुने अंक बघून ठेवते म्हणाल्यात, वाचून पण दाखवणार आहेत.

गेल्या महिन्यात धीर करून एका चालू मासिकाच्या संपादकांना फोन केला. मला वाटलेलं दोन मिनिटांत ठेवतील, पण पाऊण तास बोलले. प्रुफं स्वतः बघतात, पत्त्यांची लेबलं त्यांच्या मिसेस चिकटवतात. म्हणाले, "ताई, कविता रोज येतात, पण अंक वाचून चार ओळी कुणी कळवत नाही, छापलेलं कुठे जाऊन पडतं तेच समजत नाही." पोस्टाचं पण दुखणं आहेच, साध्या टपालानं पाठवलेले अंक गहाळ होतात आणि २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाल्यावर तो स्वस्तातला भरवशाचा पर्याय पण गेला. मी विचारलं काही पाठवू का लिहिलेलं, तर म्हणाले आधी मागचे तीन अंक वाचा, मग तुम्हालाच कळेल आमच्याकडे पाठवायचं की नाही. मला हे उत्तर इतकं आवडलं की लगेच वर्गणी जीपे केली, आणि ते तीन अंक मागवून वाचले.

कडोलीच्या मंडळींशी बोलायचंय, यंदा मांडवात पुस्तकांच्या स्टॉलशेजारी या मासिकांचं एक टेबल लावता येईल का, सरांचे जुने अंक चाळायला आणि चालू मासिकांचे वर्गणीचे फॉर्म. टेबलावर मी बसेन दिवसभर. आता आधी त्या संपादकांना पत्र, तिसऱ्या अंकातल्या कथेचा शेवट मला पटलेला नाही, तेच लिहिणार आहे.