स्लोवर बंद पडणारा जुना ट्रक: पंप उघडण्याआधी काय तपासावे

जुना डिझेल ट्रक स्लोवर, म्हणजे रेस न देता नुसता चालू ठेवल्यावर, उभा राहत नाही, थरथरतो आणि मध्येच बंद पडतो, अशी तक्रार घेऊन माणूस गॅरेजमध्ये गेला की बहुतेक वेळा पहिला सल्ला मिळतो तो डिझेल दाबाने सिलिंडरकडे सोडणारा पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजून जुळवून घ्यायला, पाठवण्याचा. हा सल्ला मला घाईचा वाटतो. पंप हा त्या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत महाग आणि सर्वांत नाजूक भाग आहे. त्याच्या आतल्या नाजूक भागांना वाहत्या डिझेलचेच वंगण मिळत राहते, आणि स्वच्छ डिझेल मिळाले तर तो वर्षानुवर्षे तक्रार करत नाही. दोष त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे असण्याची शक्यता कितीतरी अधिक असते.

मी लिहितो आहे ते इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नसलेल्या, इनलाइन पंपाच्या, म्हणजे ज्यात प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळा भाग ओळीने बसवलेला असतो अशा पंपाच्या, ट्रकबद्दल. टाटाचे 697 इंजिन, म्हणजे 97 मिलिमीटर बोअरचे सहा सिलिंडर, आमच्या भागातल्या ऊस वाहतुकीत अजूनही दिसते, आणि अशाच एका ट्रकवर नुकतेच केलेले काम डोळ्यांसमोर ठेवून हे सांगतो आहे. तक्रार दुहेरी होती. गाडी सकाळी नीट सुरू व्हायची, पण थोडे अंतर चालून न्यूट्रलमध्ये आली की स्लो ढासळून बंद पडायची; शिवाय चालू असतानाही इंजिन मिसिंग करायचे, म्हणजे एखादा सिलिंडर न पेटता ठोका चुकायचा. घाट उतरताना गिअर बदलण्यासाठी क्लच दाबला आणि त्याच क्षणी इंजिन थांबले, तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर थांबतो, पॉवर स्टिअरिंग जड होते आणि मागे उसाचे ओझे असते. म्हणून या दोषाकडे ‘चालवून घेऊ’ असे म्हणून पाहता येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे बंद पडणे आणि मिसिंग यांना एकच आजार समजू नये. डिझेलचा पुरवठा तुटतो किंवा त्यात हवा शिरते तेव्हा त्रास सगळ्या सिलिंडरना होतो आणि तो अनियमित असतो: स्लो चढतो, उतरतो, पुन्हा सावरतो आणि शेवटी बुडतो. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे एखादे नोझल बिघडते तेव्हा मात्र ठोका नियमित असतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात 600 फेऱ्यांच्या स्लोवर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला पाच वेळा पेटतो, त्यामुळे एक सिलिंडर मेला असेल तर सायलेन्सरपाशी हात धरल्यावर तेवढ्याच लयीत एक पोकळ ठोका जाणवतो. आमच्या ट्रकमध्ये दोन्ही प्रकार एकत्र होते, आणि म्हणूनच त्याचा दोष याआधी कोणाच्या नीट लक्षात येत नव्हता.

पुरवठ्याकडे वळण्यापूर्वी एक फुकटची तपासणी करावी. इंजिन बंद करण्याची जी केबल असते ती गंजून अडखळते आणि बटण आत ढकलल्यावरही पंपावरचा स्टॉप लिव्हर पूर्ण मागे जात नाही. रेस दिलेली असताना हे कळत नाही, पण स्लोवर डिझेल मुळातच कमी असल्यामुळे तेवढा अडथळा इंजिन थांबवायला पुरतो. केबल पंपापासून सोडून लिव्हर हाताने मागे सारावा आणि फरक पडतो का ते पाहावे. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून वेग कमी करणारा ब्रेक) असलेल्या गाडीत त्याची झडप अर्धवट मिटून अडकली नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे. काळा धूर आणि गुदमरलेला आवाज ही त्याची खूण.

आता मुख्य संशयिताकडे येऊ, म्हणजे हवेकडे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या (मुख्य पंपाकडे डिझेल पोचवणारा छोटा पंप) नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, कारण फीड पंप डिझेल ओढत असतो. फुटक्या नळीने उसाचा रस ओढताना जसे होते तसेच इथे होते: रस बाहेर सांडत नाही, हवा आत येते. त्यामुळे या भागातली गळती कधीच ओली दिसत नाही, आणि ‘कुठेही डिझेल गळत नाही, म्हणजे नळ्या ठीक आहेत’ हा निष्कर्ष नेमका उलटा पडतो. फीड पंपाच्या पुढे दाब वाढतो, तिथली गळती मात्र ओली दिसते.

गवंडी पातळी काढायला वापरतात ती पारदर्शक नळी इथे फार कामाला येते. तिचा तुकडा फीड पंप आणि फिल्टरच्या मध्ये जोडला, हँड प्रायमरने, म्हणजे फीड पंपावरच्या हाताने दाबायच्या दट्ट्याने, हवा काढली आणि इंजिन सुरू केले. काही वेळ नळीत डिझेल स्थिर, पिवळसर दिसत होते. मग बारीक बुडबुड्यांची एक माळ आली, थांबली, पुन्हा आली. आणि लांबट बुडबुडा फिल्टरकडे सरकला की स्लो डगमगायचा. त्यानंतर टाकीकडची नळी फीड पंपापासून सोडून तिथे स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून दुसरी नळी लावली. कॅनवर गाडी बंद पडली नाही. म्हणजे बंद पडण्यापुरते तरी फीड पंप, त्याचा प्रायमर आणि त्यापुढचे सारे निर्दोष ठरले आणि दोष टाकी व फीड पंप यांच्या मधल्या वाटेवर अडकला. ही तपासणी मला सगळ्यांत मोलाची वाटते, कारण एका कॅनने निम्मी व्यवस्था संशयातून बाद होते. पारदर्शक नळी मात्र तपासणीपुरतीच ठेवावी; डिझेलने आणि उष्णतेने ती टिकत नाही.

त्या वाटेवर पाहण्यासारखे बरेच असते. टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र मातीने बुजले की आत पोकळी तयार होते, गाडी काही अंतर चालून थांबते आणि झाकण उघडताना हवा आत ओढल्याचा आवाज येतो. टाकीतल्या ओढनळीला वरच्या बाजूस चीर असेल तर टाकी भरलेली असताना काहीच होत नाही, डिझेल उतरले किंवा गाडी चढाला लागली की त्रास सुरू होतो. पावसाळ्यात अर्धवट रिकाम्या टाकीत दव धरून पाणी साचते. टाकीच्या गळतीवर साबण चोळण्याची आपल्याकडे जी पद्धत आहे, तिचा मला मनापासून राग आहे, कारण त्याच साबणाचा लगदा पुढे जाळीवर बसतो. आमच्या ट्रकमध्ये यातले काहीच नव्हते. चॅसीवरच्या क्लॅम्पखाली रबरी नळी लाकडासारखी कडक झाली होती. सरळ असताना ती धडधाकट दिसे, अंगठ्याने वाकवली तेव्हा क्लॅम्पच्या कडेला केसाएवढी चीर उघडली. इंजिन गरम होऊन नळी सैलावली की तिथून हवा जात असे.

नळी बदलली, बँजो बोल्टचे (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवे घातले. जुने वॉशर लाल तापवून पाण्यात विझवले की ते पुन्हा मऊ होतात, पण नवे मिळत असताना ती खटपट करण्याचे कारण नाही. जोडांवर टेप गुंडाळू नये. तिचे धागे फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतात.

बंद पडणे थांबले, पण मिसिंग राहिले, आणि आता ते स्वच्छपणे ऐकू येऊ लागले. इथून पुढची पद्धत जुनीच आहे. इंजिन स्लोवर ठेवून नोझलच्या नळीचे नट एकेक करून अर्धा आटा सैल करावेत. ज्या सिलिंडरचा नट सैल केल्यावर इंजिन आणखी अडखळते तो सिलिंडर काम करतो आहे. ज्याने काहीच फरक पडत नाही तो मेलेला आहे. हे करताना जोडावर जाड कापड धरावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि हाताचा पंजा त्या धारेसमोर कधीही आणू नये, कारण त्या दाबाचे डिझेल कातडी भेदून आत शिरते आणि अशी जखम बाहेरून किरकोळ दिसली तरी ती तातडीने रुग्णालयात नेण्याची असते.

चौथा सिलिंडर काही बोलत नव्हता. चौथ्याचे नोझल पाचव्यात आणि पाचव्याचे चौथ्यात घातले, तेव्हा मिसिंग पाचव्यात गेले. दोष नोझलबरोबर सरकला, म्हणजे तो नोझलचाच. तो तसाच चौथ्यात राहिला असता तर टॅपेटचे (इंजिनाच्या झडपांचे) अंतर, मग कॉम्प्रेशन, आणि दोन्ही नीट असतील तरच पंपातले त्या सिलिंडरचे एलिमेंट (डिझेल दाबणारा दट्ट्या) किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह (त्यावरची झडप), या क्रमाने जावे लागले असते. टेस्टरवर त्या नोझलमधून धुके निघण्याऐवजी थेंब लोंबत होते. थंड इंजिनावरच्या पांढऱ्या धुराचा उलगडाही त्यातच झाला. पेटायला हवे ते डिझेल नुसतीच वाफ होऊन बाहेर जात होते. नोझल बसवताना त्याच्या बुडाचा वॉशर नवाच घालावा आणि उघडण्याचा दाब त्या इंजिनाच्या पुस्तकाप्रमाणे लावावा.

एवढे सगळे निस्तरूनही स्लो एकसारखा वरखाली झुलत राहिला, नळीत बुडबुडा नाही आणि सहाही सिलिंडर पेटत आहेत, तर गव्हर्नरकडे, म्हणजे पंपातल्या वेग सांभाळणाऱ्या भागाकडे, बोट दाखवता येते. फार जुन्या पंपांवर हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर असतो आणि त्याचा चामडी पडदा सुकतो. तो पडदा पूर्ण फाटला तर ओढ नाहीशी होऊन पंप पूर्ण डिझेल सोडतो आणि इंजिन पळत सुटते, म्हणून असा संशय असेल तर गाडी चालवत न नेता मेस्त्रीला जागेवर बोलवावे. पंप उतरवून बाकावर लावायचा तो या टप्प्यावर. स्लोचा स्क्रू सगळ्यांत शेवटी, इंजिन पूर्ण गरम असताना फिरवावा. आमच्या ट्रकचा कोणीतरी आधीच बराच वर चढवून ठेवला होता, तो उलटा सोडून मूळ जागी आणावा लागला.